कापडी हत्तीची किंमत किती?

मंडळी, आज तुम्हांला एका हत्तीचा हिशेब सांगायचा आहे. हत्ती खरा नव्हे. फरच्या कापडाचा, आत फायबरचा कापूस भरलेला, वीतभराहून थोडा उंच. आमच्या तालुक्याच्या आठवड्याच्या बाजारात मी तो नातीसाठी घेतला. विकणाऱ्या बाईने दीडशे रुपये सांगितले. मी शंभराला मागितला. थोडे ती खाली आली, थोडा मी वर गेलो आणि एकशेवीसला सौदा पटला. आपण तीस रुपये वाचवले म्हणून मी मनातल्या मनात खूष होतो. मास्तरकीत जन्म गेला तरी ही सवय काही गेलेली नाही.

सांजेला एस.टी. स्टँडवर तीच बाई दिसली. रिकाम्या पोत्याची घडी काखेत आणि चेहऱ्यावर समाधान. मला पाहून म्हणाली, "सगळं खपलं, गुर्जी! बावीसच्या बावीस गेलं."

"वा! केवढ्याला दिलेस?"

"समद्यांना एकशेवीसलाच. तुमचा सौदा झाला तवा चार बाया शेजारीच हुत्या की. मग दीडशे कोण देतंय?"

हे ऐकून मी जरा वरमलो. म्हणजे माझ्या तीस रुपयांच्या चतुराईने तिच्या बावीस हत्तींचा भाव पाडला होता. पण तिला त्याचे काही वाटत नव्हते. कनवटीला २६४० रुपये होते. "कापूसकापड जाऊन हजार तरी सुटलं असतील," ती म्हणाली. गाडीला अर्धा तास होता. मी वही काढली. त्या वहीत जे उतरले तेच आज तुमच्यापुढे ठेवतो. भाव तिच्या गावचे आहेत. तुमच्याकडे वेगळे असतील. तिथे तुमचे आकडे घाला, रीत तीच.

आधी माल पाहू. फरचे कापड तिने २४० रुपये मीटरने आणले होते, दीड मीटर पन्ह्याचे. पुठ्ठ्याचे फर्मे नुसते मांडून पाहिले तर मीटरभरात सात हत्ती बसतात. कापताना सहाच निघतात. याचे कारण शिवणाऱ्या बायकांना ठाऊक आहे, इतरांसाठी सांगतो. या कापडाला लव असते. ती सगळ्या अंगावर एकाच दिशेने बसली पाहिजे. एक कान सुलटा आणि दुसरा उलटा कापला की हत्ती अंथरुणातून उठल्यासारखा विसकटलेला दिसतो. त्यामुळे फर्मा हवा तसा फिरवून कोपऱ्यात दडपता येत नाही. तेव्हा कापडाची किंमत साताने नव्हे, सहाने भागायची. एका हत्तीला कापड झाले ४० रुपयांचे. फायबरचा कापूस किलोला १८० रुपये. हत्तीच्या पोटात १५० ग्रॅम जातो. त्याचे २७ रुपये. हा कापूस एकदा तराजूवर घालून पाहाच. "चार मुठी" असे माप ज्या घरात चालते, तिथे एका हत्तीत शंभर ग्रॅम आणि दुसऱ्यात दोनशे भरला जातो आणि कुणाला त्याचा पत्ता नसतो. शिलाईचा आणि भरतकामाचा दोरा मिळून ५ रुपये, पिशवी आणि किमतीची चिठ्ठी ३ रुपये. सगळा माल मिळून ७५ रुपये.

आता बहुतेक ठिकाणी हिशेब इथेच संपतो. माल पाऊणशेचा, विकला एकशेवीसला, सुटले पंचेचाळीस. बावीस हत्तींचे ९९० रुपये. बाई म्हणत होती ते "हजार" हेच.

मी विचारले, "एक हत्ती शिवायला वेळ किती लागतो?"

"वेळ कसला गुर्जी? रातची जेवणं उरकली की बसते. फावल्या वेळचं काम हाय."

मंडळी, सगळी गोम या "फावल्या" शब्दात आहे. आपल्या शेतकऱ्याला विचारा, कांदा पिकवायला खर्च किती आला? पूर्वी तोही बियाणे, खत आणि बाहेरची मजुरी एवढेच सांगे; आपण आणि घरची माणसे राबली ते धरीत नसे. पुढे त्याने आवाज उठवला. आज केंद्र सरकार हमीभाव ठरवताना पिकाच्या खर्चात घरच्या माणसांची मजुरीही मांडते. तो हिशेब पुरा की अपुरा, यावर वाद चालू आहेत. पण घरच्या श्रमाला किंमत आहे हे कागदावर तरी मान्य झाले. शेतात घरच्यांच्या घामाचा हिशेब मागणारा तोच गडी रात्री दिव्याखाली शिवत बसलेल्या बायकोच्या कामाला "रिकामपणाचा उद्योग" म्हणतो. आणि तीही तसेच म्हणते, हे त्याहून वाईट.

तर आम्ही वेळ मोजला. ती डझनाने काम करते, आणि तेच शहाणपणाचे आहे. बारा हत्तींची कापणी दोन तास. त्यात घाई चालत नाही. फर कापताना उलट्या बाजूने, कात्रीच्या टोकाने फक्त खालचे कापड कापायचे असते, नाही तर लव तुटते आणि शिवण टकली दिसते. मशीनवर टिपा मारायला चार तास. सुलटे करून कापूस भरायला तीन तास. पोटाची फट हाताने शिवणे आणि डोळे-तोंड दोऱ्याने भरणे, यांना सगळ्यांत जास्त म्हणजे पाच तास. शिवणीत अडकलेली लव सुईने वर काढणे आणि ओढून तपासणे, एक तास. एकूण पंधरा तास, बारा हत्ती. एकाला सव्वा तास. हेच एकेक करून शिवले तर दोन तास लागतात, कारण दर वेळी दोरा बदला, फर्मे शोधा, पसारा मांडा आणि आवरा.

सव्वा तासाची मजुरी काय धरायची? ज्याला त्याला आपली मजुरी ठरवायचा संकोच वाटतो. म्हणून मी बाहेरचा एक दर घेतला. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला. पुढे देशभर तसा कायदा झाला. २०२४-२५ साली महाराष्ट्रात त्या कामाचा दर दिवसाला २९७ रुपये होता. आठ तासांनी भागले तर तासाला ३७ रुपये. ही माती उचलण्याची मजुरी. हत्तीच्या डोळ्यांत जीव आणायला त्याहून थोडे कसब लागते, म्हणून आपण तासाला ४० धरू. याहून कमी धरायचे झाल्यास ज्याने त्याने आपल्या मनाला कारण विचारावे. ४० ने सव्वा तासाचे ५० रुपये.

त्यावर उभा खर्च. मशीन ७२०० रुपयांचे. सहा वर्षे नीट चालेल असे धरले तर महिन्याला १०० रुपये त्याचे बाजूला पडले पाहिजेत. तेल, सुया, कात्रीची धार, दुरुस्ती, वीज, आणि कापड आणायला जिल्ह्याच्या गावी एक खेप, असे मिळून आणखी २००. महिन्याला ५० खेळणी होतात, तेव्हा एका हत्तीवर ६ रुपये. रक्कम लहान आहे. पण हे ६ रुपये कुणी बाजूला काढत नाही आणि मशीन बंद पडले की मग बचत गटाकडे धावाधाव होते.

आता बाजार. ही बाब बायकांच्या हिशेबात कधी येतच नाही, आणि ती तर शिवणाइतकीच मोठी आहे. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे. तरी जाऊन-येऊन ६० रुपये झाले. पोत्यासाठी रिक्षा ८०. जागेची पावती ५०. भाकरी घरची होती, चहापाणी ४०. रोख खर्च २३०. पण ती दिवसभर बाजारात बसली होती ना? आठ तास उन्हात बसून, गिऱ्हाइकाशी बोलून, माझ्यासारख्याशी घासाघीस करून ती काय करमणूक करीत होती? तेही काम. आठ तासांचे ३२०. बाजाराचा एका दिवसाचा खर्च ५५० रुपये. बावीस हत्ती खपले, म्हणून एकावर २५ पडले. अकराच खपले असते तर एकावर ५० पडले असते.

मग मी तिला एकशेवीसच्या भावाचा खरा हिशेब करून दाखवला. आले २६४०. त्यातून बावीस हत्तींचा माल १६५०, उभा खर्च १३२, बाजारचा रोख खर्च २३० वजा केला. उरले ६२८. आणि काम किती? शिवणीचे साडेसत्तावीस तास आणि बाजाराचे आठ, मिळून साडेपस्तीस. तासाला १७ रुपये ७० पैसे! तेवढेच तास ती रोजगार हमीवर गेली असती तर तेराशेच्या वर मिळाले असते. सगळा माल खपवून, आनंदाने घरी निघालेल्या बाईला निम्मीही मजुरी पडली नव्हती.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "मंजी मी रात्र-रात्र जागून गिऱ्हाइकालाच पैसं देत हुते म्हना की." याला मी काय उत्तर देणार? त्या गिऱ्हाइकांत मी होतो.

मग किंमत किती असावी? माल ७५, मजुरी ५०, उभा खर्च ६, बाजाराचा वाटा २५, झाले १५६. ही पडती किंमत. त्यावर दोन गोष्टी आणखी येतात. एक म्हणजे घट. दहांत एखादा हत्ती मळतो, उसवतो, पावसात भिजतो, नमुन्याला द्यावा लागतो. त्यासाठी १४ रुपये. दुसरा नफा, ३० रुपये. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मजुरी म्हणजे नफा नव्हे. मजुरी ही बाईची. ती घरात खर्च होईल, पोरांच्या वह्यांना जाईल. नफा हा धंद्याचा. त्यातून पुढच्या वेळी सव्वा मीटरऐवजी थानभर कापड स्वस्तात आणता येते, नवा फर्मा करून पाहता येतो, आणि एखादा बाजार पावसाने बुडाला तरी तगता येते. असे मिळून २०० रुपये.

"दोनशे? कोण घेनार गुर्जी दोनशेला?"

प्रश्न रास्त होता. म्हणून आणखी एक हिशेब केला. समजा दोनशेला बावीस नाही, आठच हत्ती खपले. आले १६००. माल ६००, उभा खर्च ४८, बाजारचा रोख खर्च २३० वजा. उरले ७२२. बावीस विकून ६२८ आणि आठ विकून ७२२! शिवाय चौदा हत्ती पोत्यात शिल्लक. अर्थात, त्या चौदांत १०५० रुपयांचा माल अडकून पडतो, आणि हातावर पोट असलेल्याला हे अडकलेले पैसे जाचतात, हे मला मान्य आहे. म्हणूनच चढ्या भावाने विकणाऱ्याने एकदम बावीस शिवू नयेत. बारा शिवावेत, खपतील तसे पुढचे बारा. चौदा खपले तर १४३६ उरतात आणि मजुरी तासाला छप्पन्न पडते. तो झाला धंदा.

पण शेजारच्या दुकानात कारखान्याचे अस्वल शंभराला टांगलेले असते. गिऱ्हाईक ते दाखवणारच. त्या अस्वलाशी भावात झुंजू नका. तिथे कापडाचे थरावर थर ठेवून एका दाबात साच्याने शेकडो कान कापतात आणि कापूस यंत्राने फुंकून भरतात. तुमच्या सव्वा तासाचे काम तिथे काही मिनिटांत होते. तुम्ही भाव उतरवून त्याला गाठू पाहाल तर वाटेत तुमची मजुरीच खर्ची पडेल. स्वस्त माल ठेवायचाच असेल तर बाईची मजुरी कापू नका, खेळण्यातले काम कापा.

हे कसे करावे? पहिली कल्पना सुचते ती हत्ती लहान करण्याची. यात एक फसगत आहे, आणि शिक्षकांनी तर ही फळ्यावर मांडावी अशी आहे. हत्तीची उंची निम्मी केली की लांबी-रुंदी दोन्ही निम्म्या होतात. म्हणून कापड चौथाई लागते. पोट तिन्ही अंगांनी निम्मे होते. म्हणून कापूस आठवा हिस्सा लागतो. कापड १० रुपये, कापूस साडेतीन, दोरा ४, पिशवी-चिठ्ठी ३. माल ७५ वरून साडेवीसवर आला. गिऱ्हाईकही तेच पाहते. हत्ती तळहातावर बसतो, "पन्नासला द्या" म्हणते. पण वेळ? कान तेवढेच, पाय तेवढेच, सोंड तेवढीच. उलट लहान सोंड सुलटी करायला जास्त छळते. सव्वा तासाचा फार तर एक तास होतो. मजुरी ४०, उभा खर्च ६, बाजाराचा वाटा २५. पडती किंमत साडेएक्क्याण्णव. पन्नासला विकला तर निम्मे पैसे पदरचे गेले.

म्हणजे आकार नव्हे, जोड कमी केले पाहिजेत. वेगळा शिवून लावलेला प्रत्येक कान, पाय, शेपटी दोन-चार मिनिटे खाते. मासा घ्या, कोंबडी घ्या. पुढचा आणि मागचा असे दोनच तुकडे, भोवती एक टीप, थोडा कापूस, डोळा दोऱ्याचा. हत्ती कापून उरलेल्या कतरणीत तो बसतो, आणि कतरणीचे पैसे तर हत्तीने आधीच दिलेले असतात. माल ६ रुपये, वीस मिनिटांची मजुरी १३, उभा खर्च २, बाजाराचा वाटा २५ धरला तरी ४६. ५० ला विकायला हरकत नाही. आता तुमच्या चादरीवर पन्नासचा मासा आहे आणि दोनशेचा हत्तीही आहे. शंभराच्या अस्वलाकडे बोट दाखवणाऱ्याला मासा दाखवा. एखादे मोठे खेळणे, सहाशे-सातशेचे, मध्यभागी बसवून ठेवावे. ते महिनोन् महिने खपणार नाही कदाचित. पण पोरे त्यालाच पाहून थांबतात आणि पोर थांबले की आई थांबते.

खेळणे कशाच्या नावाने विकले जाते त्यावरही भाव ठरतो. जर्मनीत गींगेन नावाच्या गावी मार्गारेटे श्टाइफ नावाची एक शिवणकाम करणारी बाई होती. लहानपणी पोलिओने तिचे पाय गेले होते. १८८० साली तिने नमद्याचे छोटे हत्ती शिवले, ते सुया टोचून ठेवायच्या गाद्या म्हणून. मुलांनी ते खेळायलाच घेतले. तिच्या पुतण्याने पुढे १९०२ साली हातपाय हलणारे अस्वल काढले आणि त्या घराचे नाव जगभर झाले. सुयांच्या गादीला गादीचा भाव मिळतो, मुलाच्या सोबत्याला सोबत्याचा. आपल्याकडे विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पोरे लाकडी नंदी सजवून मिरवतात. घरात अजून पाळण्यात असलेल्या भावंडासाठी शिवलेला कापडी नंदी त्या आठवड्यात जो भाव घेईल तो एरवी घेणार नाही. तेव्हा श्रावणातच तो शिवून तयार हवा. बारशाची मागणी असेल तर कापडावर बाळाचे नाव भरून द्या, त्या अर्ध्या तासाचे २० रुपये वेगळे लावा आणि निम्मे पैसे इसार म्हणून आधी घ्या. नाव भरलेला हत्ती दुसरे कुणी घेत नाही.

जागाही पारखावी. आठवड्याच्या बाजारात माणूस मिरची-मिठाला येतो. खिशात मोजके पैसे असतात. तिथे मासे-कोंबड्या जास्त न्याव्यात. सोलापूरला संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते. तिथे माणूस पोराला खांद्यावर घेऊन, काही घ्यायचेच या तयारीने येतो. मुंबईत बचत गटांच्या मालाचे महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरते. तिथे हाताने शिवले आहे एवढे सांगितले तरी गिऱ्हाईक वस्तू उलटून टाके पाहते. पण लांबच्या जागी जाण्याआधी बाजारखर्चाची बेरीज पुन्हा करा. चार दिवसांचा मुक्काम, जेवण आणि चार दिवसांची मजुरी धरून एका खेळण्यावर किती पडतात ते पाहा. मोठ्या गर्दीत विकले म्हणजे जास्त सुटले असे नव्हे.

घासाघिशीविषयी माझे मत सांगतो. पटेल त्याने घ्यावे. किंमत चिठ्ठीवर लिहून हत्तीच्या कानाला बांधावी आणि तीच घ्यावी. आधी वाढवून सांगायची आणि मग उतरायचे, यात हुशार गिऱ्हाईक स्वस्तात नेते आणि भिडस्त गिऱ्हाईक महागात. शिवाय एकाचा सौदा दहाजण ऐकतात, हे वर आलेच आहे. सूट द्यायची ती जिथे आपला खर्च खरोखर वाचतो तिथे. एकाने दोन हत्ती घेतले तर बोलण्याचा वेळ एकदाच गेला. ३८० ला द्या. पण सांज झाली, बाजार उठला म्हणून दीडशेला देऊ नका. कोथिंबीर सांजेला सुकते, म्हणून भाजीवाली ढीग पाडते. हत्ती सुकत नाही. सांजेला स्वस्त मिळतो हे एकदा कळले की पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक सांजेलाच येईल.

दुकानदार भेटेल. तो म्हणेल, "पंचवीस घेतो, शंभराने दे." त्याला दिल्यास तुमचा बाजाराचा दिवस वाचतो, हे खरे, ते २५ रुपये वजा करता येतात. पण माल, मजुरी आणि उभा खर्च मिळून १३१ होतात. त्याखाली एक रुपयाही उतरू नये. १४५ ला द्यावा, तो दोनशेला विकेल. आणि "विकले की पैसे देतो" असे म्हणणाऱ्याकडे पाच नग ठेवावेत, पंचवीस नव्हे. त्याची सही वहीत घ्यावी. मळलेला माल महिन्याने परत आला तर तो घटीत जातो.

दोनशे रुपये मागायचे तर माल तसा हवा, हेही ओघाने आले. डोळे मण्यांचे किंवा डिंकाने चिकटवलेले नकोत. पोर ते उपटून तोंडात घालते आणि श्वास कोंडतो. डोळे दोऱ्यानेच भरावेत. शिवणीवर दुहेरी टीप, आणि विकण्यापूर्वी कान-शेपटी दोन्ही हातांनी जोराने ओढून पाहावी. पोटात सरकी, डाळ, मणी नकोत. जुन्या गादीचा कापूस तर नकोच. गिऱ्हाइकासमोर कान ओढून दाखवलात की दोनशेचे उत्तर निम्मे मिळाले.

कायद्याचीही एक बाब आहे आणि ती न कळल्याने पुष्कळजणी घाबरतात. खेळण्यांच्या गुणवत्तेविषयी केंद्र सरकारचा हुकूम २०२० साली निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्याप्रमाणे १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह लागते. मात्र केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना यातून सूट दिलेली आहे. अशा कारागिरांना ओळखपत्र मिळते. तेव्हा बचत गटातल्या शिवणाऱ्या बायांनी आधी ही नोंद करून घ्यावी. ओळखपत्राची प्रत आणि नोंदीचा क्रमांक बाजाराच्या पिशवीतच ठेवावा.

शिक्षकांना एक सुचवतो. कार्यानुभवाच्या तासाला मुले-मुली कापडी चेंडू, मासे शिवतात आणि वर्षाअखेर ते कपाटात धूळ खातात. त्याऐवजी शिवताना प्रत्येकाने घड्याळ पाहून वेळ लिहावा. कापूस तोलावा. कापडाच्या तुकड्यावर फर्मा मांडून किती निघतात आणि खरे किती निघाले ते लिहावे. मग गावच्या बाजारातला कापसाचा आणि कापडाचा भाव मुलांनीच विचारून आणावा. अपूर्णांक, सरासरी, शेकडेवारी सगळे यात येते. आमच्या शाळेत हे करून पाहिले तेव्हा एका मुलाने घरी जाऊन आईच्या गोधडीचे तास मोजले. दुसऱ्या दिवशी तो आकडा घेऊन आला आणि वर्गात बराच वेळ कुणी बोलले नाही.

ती बाई पुढच्या बाजारी भेटली. चिठ्ठ्या लावल्या होत्या. हत्तींवर २००, माशांवर ५०. दुपारपर्यंत तीनच हत्ती गेले होते आणि ती थोडी धास्तावलेली दिसली. संध्याकाळी विचारले तेव्हा आकडा अकरावर गेला होता. मासे सगळे संपले होते. मी आणखी एक हत्ती घेतला, धाकट्या नातीसाठी, तो धरून अकरा. वहीत तिने माल, तास, पावती, तिकीट असे चार रकाने स्वतःच आखले होते. कापडाचा भाव दिवाळीनंतर हलतो, तेव्हा दर तीन महिन्यांनी चारही रकाने नव्याने मांडायचे, असे आम्ही ठरवले आहे.